दोन भोपळे, एक माइक

रुद्रवीणेपुढे माइक ठेवण्याआधी एका बाळबोध प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: हिचा आवाज निघतो कुठून? गिटारला मधोमध भोक असतं, त्यामुळे ज्याने जन्मात गिटार पाहिली नाही तोही माइक बरोबर तिथेच नेतो. सतारीला तबली असते, तबल्याला पुडी असते, बासरीवाल्याला ओठ असतात, आणि निवेदिकेबद्दल तर बोलायलाच नको. रुद्रवीणेला यातलं काहीच नाही. एक लांब पोकळ दांडी, तिच्याखाली बांधलेले दोन थोरले भोपळे, वर पडदे, खुंट्या आणि एका टोकाला घोडी. आमच्या साउंडवाल्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माइक हातात घेऊन तिच्याभोवती फिरला. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून खालून पाहिलं. मग मला पडद्याआड घेऊन हळूच म्हणाला, "सर, हिचं तोंड कुठलं?"

प्रश्न रास्त होता. त्याचं धड उत्तर आमच्या मंडळात एकालाही देता आलं नसतं, आणि तरीही पुढच्या दोन तासांत प्रत्येकाने ते दिलं.

खरं तर घोटाळा फोनवरच झाला होता. आमच्या संगीत मंडळात कलाकार चिटणीस ठरवतात आणि साउंड खजिनदार ठरवतात, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं साधारणपणे वार्षिक सभेत होतं. साउंडवाल्याचा दर माइकमागे असल्यामुळे खजिनदारांनी त्याला मोजून चार शब्द सांगितले, "वीणा आहे, पखवाज आहे." आता आमच्याकडे वीणा म्हणजे वारकऱ्याच्या गळ्यातली. तिला वेगळा माइक लावायची पद्धत नाही. कीर्तनात बुवांच्या माइकमध्ये ती जितकी शिरेल तितकी शिरते, आणि कमी पडलं तर टाळकरी भरून काढतात. पण हा मुलगा कष्टाळू. त्याने मोबाइलवर वीणेचे कार्यक्रम शोधले. त्याला दक्षिणेतली सरस्वती वीणा सापडली, आणि तिथे वीणेला पिकअप चिकटवून वायर थेट मिक्सरला देणं सर्रास चालतं. त्यामुळे तो माइकबरोबर एक लांब वायरही घेऊन आला आणि रुद्रवीणा वाजवणाऱ्या पंडितजींना वाकून नमस्कार करून म्हणाला, "जॅक कुठाय?" पंडितजींनी त्याला तितक्याच नम्रपणे सांगितलं की या वाद्याला अजून जॅक फुटलेला नाही.

या मुलाला हसण्यात अर्थ नाही. वर्षातले बाकीचे दिवस तो वराती, निवडणुकीच्या सभा आणि गणपतीचा डॉल्बी सांभाळतो. त्याच्या धंद्यात आवाज ही समोरच्याच्या छातीवर ढकलायची वस्तू आहे. इथे ती बोटाच्या टोकाने उचलून घ्यायची होती.

आणि रुद्रवीणेलाही बोल लावता येत नाही, कारण ती मुळात माइकसाठी जन्मलीच नाही. बीन हे तिचं दरबारी नाव. बीनकारांचे बीनकार बंदे अली खाँ 1895 साली पुण्यात वारले, आणि मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं ते 1927 साली. त्यामुळे त्या थोर पुरुषाला 'हॅलो, वन, टू, थ्री' हा बोल आयुष्यात कधी ऐकावा लागला नाही. त्यांची एक आख्यायिका सांगतात. इंदूरचे महाराज त्यांच्या वादनावर खूष झाले आणि म्हणाले, हवं ते मागा. तर खाँसाहेबांनी दरबारातली गायिका चुन्नाबाई मागितली. आजच्या बीनकाराला असा वर मिळाला तर तो बेलाशक एक चांगला साउंडवाला मागेल.

दरबार म्हणजे तरी किती माणसं? महाराज, चार सरदार, दोन जाणकार, आणि जाणकार दिसणं ज्यांच्या नोकरीचा भाग होता असे आठदहा जण. तेवढ्यांना बीन ऐकू जात असे. खरी गंमत पुढेच आहे. उस्ताद असद अली खाँ वज्रासनात बसून बीन तिरपी धरत आणि तिचा वरचा भोपळा डाव्या खांद्यावर घेत. म्हणजे तो थेट कानाशी. बीन अशी धरली की सभागृहातली सगळ्यात उत्तम खुर्ची कुठली, तर वाजवणाऱ्याचा डावा कान. दुसरी रांग समोर बसलेल्या शिष्याची. तिसऱ्या रांगेत तानपुरेवाले. तिथून पुढे वाद्य संपतं आणि सभागृह सुरू होतं. तेव्हा साउंडवाल्याचं काम एवढंच की तिकीट काढून आलेल्या चारशे माणसांना त्या एका डाव्या कानात नेऊन बसवायचं. आणि ती चारशे माणसं खोकतात.

झिया मोहिउद्दीन डागरांनी या दुखण्यावर वाद्याच्या बाजूने इलाज केला होता. कलकत्त्याच्या कनईलाल यांच्याकडून त्यांनी जाड दांडीची, आणखी मोठ्या भोपळ्यांची बीन घडवून घेतली. तिचा खर्ज भरदार, आणि एकदा छेडलेला स्वर पुढचा स्वर सुचेपर्यंत टिकणारा. ती ते खांद्यावर न घेता आडवी ठेवून वाजवत. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांनी गुरुकुल उभारलं. भारतातलं सगळ्यात निवांत वाद्य मुंबई-गोवा महामार्ग जिथे सुरू होतो त्या फाट्याच्या शेजारी शिकवलं जावं, हा योग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. एसटीत बसून त्या फाट्यावर तासभर अडकलेल्या माणसाला विलंबित म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आमच्या पंडितजींची बीन याच घाटाची होती. साउंड चेक चारला ठरला होता, म्हणजे सव्वापाचला सुरू झाला.

पहिला माइक भोपळ्याखाली लागला. बऱ्याच बिनांच्या भोपळ्यांना खालून तोंड असतं, हिच्याही होतं. ते दिसताच साउंडवाल्याचा जीव भांड्यात पडला. मिळालं तोंड! त्याने माइक जवळजवळ आतच घातला. पंडितजींनी एक तार छेडली आणि सभागृहात विहिरीत घागर पडल्यासारखा आवाज झाला. माइक वस्तूच्या फार जवळ नेला की त्यात खालचे सूर आपोआप फुगतात, आणि भोपळ्यात आधीच त्यांच्याशिवाय काही नसतं. बसलेला आवाज उठेचना. "बेस मस्त आलाय," साउंडवाला म्हणाला. वरातीच्या मापाने तो खरंच मस्त होता.

मग माइक घोडीजवळ गेला. घोडीच्या माथ्यावर जवारी असते, जुन्या वाद्यांत सांबरशिंगाची. तिचा उतार इतका अलगद घासलेला असतो की तार तिला पुरती टेकतही नाही आणि सोडतही नाही. त्या स्पर्शातून जो झणकार उठतो तो बीनेचा प्राण. त्या उतारावर कानशीचा एखादा हात जास्त फिरला तर वाद्य मुकं होतं, म्हणून बडे कारागीरही जवारी लावताना कुणाशी बोलत नाहीत. माइक तिथे आल्यावर झणकार आला, पण एकटाच आला; पाठोपाठ बोट तारेवर घासल्याची खरखर, आणि पंडितजींचा श्वाससुद्धा आला. सकाळपासून त्यांना थोडं पडसं होतं हे शेवटच्या रांगेपर्यंत कळलं.

इथे खजिनदार पुढे आले. त्यांची सूचना अशी की माइक दांडीच्या बरोबर मध्यावर ठेवावा, म्हणजे दोन्ही भोपळ्यांना समान न्याय मिळेल. उपाध्यक्ष म्हणाले, दोघांना दोन स्वतंत्र माइक द्या. एक ज्येष्ठ सभासद उभ्या उभ्या म्हणाले, तिन्ही ठिकाणी द्या, काय व्हायचं ते होऊ द्या. त्यांनी सवाई गंधर्वला अनेक वर्षं पुढच्या सतरंजीवर बसून ऐकलेलं असल्यामुळे साउंडबद्दलही त्यांचं मत अंतिम मानायची आमच्याकडे प्रथा आहे. झाले तीन माइक. आणि आवाज वाढायच्या ऐवजी पातळ झाला, नाकातून आल्यासारखा. याचं कारण गूढ नाही. एकच झंकार तीन माइकांत थोड्या थोड्या फरकाने पोचतो, आणि मिक्सरमध्ये एकत्र आल्यावर त्यातले काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. आमच्या कार्यकारिणीत एकच मुद्दा तिघांनी एकामागून एक मांडला की ठराव नेमका असाच बारगळतो. शिवाय उघडे माइक दुप्पट केले की शिट्टी बसण्याआधीची मोकळीक 3 डेसिबलने घटते. म्हणजे पैसे जास्त, आवाज कमी. यातला पहिला भाग ऐकल्याबरोबर खजिनदारांनी दोन माइक स्वतःच्या हाताने उचलून नेले.

पिकअप चिकटवा, असंही कुणीतरी सुचवलंच. माझं मत विचाराल तर पिकअप लावलेली बीन ऐकण्यापेक्षा घरी बसून भोपळ्याचे घारगे खावेत. घोडीजवळ चिकटवलेला पिकअप फक्त लाकडाची थरथर उचलतो. आजूबाजूच्या हवेत जे घडतं त्याची त्याला खबरही नसते. आणि बीनेचं निम्मं वाजणं त्या हवेतच घडतं.

आता पंडितजी काही बोलतील असं सगळ्यांना वाटत होतं. ते शांतपणे तार जुळवत होते. चेहरा असा, की माणसाने आयुष्यात पुष्कळ साउंड चेक पाहिलेत. आणि तेवढ्यात साउंडवाल्याने एक गोष्ट केली. त्याने माइक खाली ठेवला, चप्पल काढली, गुडघे टेकले, एका कानात बोट घातलं आणि दुसरा कान बीनेभोवती फिरवू लागला. भोपळ्यापाशी गेला, मान हलवली. घोडीपाशी आला, मान हलवली. मागे सरकला, थोडा डावीकडे वळला, पुन्हा पुढे आला. पंडितजी हे पाहून खुलले आणि त्याच्यासाठी एकच स्वर पुन्हा पुन्हा छेडू लागले. घोडी आणि खालचा भोपळा यांच्या दरम्यान, वाद्यापासून हातभर अंतरावर, त्याचा कान थांबला. तो तसाच थांबून म्हणाला, "सर, माइक द्या इथं." मान काढली आणि त्या जागी माइक ठेवला.

बीन आली. पुरती नाही, पण आली. फक्त तिला पाय नव्हते; खर्जाची तार छेडली की सूर कळायचा, वजन लागायचं नाही. तोही उलगडा झाला. मिक्सरवर प्रत्येक माइकसाठी एक छोटं बटण असतं, 80 किंवा 100 हर्ट्झच्या खालचं सगळं छाटून टाकणारं. वक्त्यांच्या 'प', 'फ', 'भ'चे फटाके माइकवर फुटू नयेत म्हणून ते दाबून ठेवतात, आणि आमच्या साउंडवाल्याचं मागच्या निवडणुकीपासून दाबलेलंच होतं. खर्जाच्या तारेचा मूळ सूर त्या रेघेच्या खाली राहतो. बटण वर आलं आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या हलकेच थरथरल्या. उमेदवारांना आवरायला लावलेल्या बटणाने बीनेचाही आवाज दाबला जात होता हे कळल्यावर ज्येष्ठ सभासद म्हणाले, "यात नवीन ते काय?"

साउंडवाल्याने स्टँडच्या तिन्ही पायांभोवती लाल चिकटपट्टीच्या खुणा केल्या. त्या खुणा करताना तो जितका खाली वाकला होता तितका मी त्याला देवासमोरही वाकलेला पाहिलेला नाही. मिक्सरवरच्या सरकपट्ट्यांच्या जागाही त्याने पेन्सिलीने आखल्या. मला म्हणाला, "आता कुणी हात लावायचा नाही."

सात वाजता प्रमुख पाहुणे आले.

पाहुण्यांचं भाषण उभ्याने व्हायचं होतं आणि त्यांच्यासाठी ठेवलेला माइक समईच्या पलीकडे, त्यांच्या हाताच्या टप्प्याबाहेर होता. बीनेचा माइक मात्र अगदी जवळ, ऐटीत वाकून उभा. सूत्रसंचालिकेने हसतमुखाने तो उचलला, स्टँड उंच केला, दोनदा टिचकी मारली आणि पाहुण्यांच्या हनुवटीखाली नेऊन ठेवला. जो माइक डोळ्यांना न दिसणारी तारेची थरथर टिपतो तो टिचकी कशी टिपत असेल! सगळं सभागृह दचकलं. एक बाळ रडायला लागलं. मिक्सरमागे साउंडवाला उभा राहिला आणि पुन्हा बसला. पाहुणे बोलले. नादब्रह्मापासून सुरुवात करून ते नगरपरिषदेच्या नाट्यगृहाच्या रखडलेल्या कामापर्यंत आले, आणि खालचे सूर छाटणारं बटण वर असल्यामुळे त्यांचा प्रत्येक 'प्रस्ताव' तोफेसारखा सुटत होता. शाल झाली, श्रीफळ झालं. मग दोन स्वयंसेवकांनी माइक परत आणून ठेवला. "जिथल्या तिथे," असं ते म्हणाले. लाल पट्ट्यांवर तोवर सतरंजी आली होती.

अंतर निम्मं झालं की आवाज 6 डेसिबलने चढतो. दुप्पट झालं की तेवढाच पडतो. यात वीतभराची चूक केवढ्याला पडते हे साउंडवाल्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण पडदा उघडला होता, पंडितजींनी डोळे मिटले होते, आणि ध्रुपदाच्या आलापात मधेच रांगत येऊन स्टँड सरकवणाऱ्या माणसाला क्षमा नसते. त्याने दुरूनच आवाज वाढवला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

यमनाचा आलाप सुरू झाला. बीनेवरचा आलाप म्हणजे छेडणं कमी आणि वाट पाहणं जास्त. एक आघात, मग डावं बोट तार बाजूला ओढतं आणि तेवढ्या एका आघातात दोन-तीन स्वरांचा प्रवास होतो. शेवटचा स्वर येतो तेव्हा आवाज जवळपास उरलेलाच नसतो, आणि सगळी करामत नेमकी तिथेच असते. त्या क्षणी सभागृहातली वातानुकूलित यंत्रणा ऐकू येते. ती कुठल्या पट्टीत चालते हेही कळतं. आमची पांढरी चारच्या थोडी खाली आहे. पंडितजींनी मध्यंतराआधी ती बंद करवली. त्यानंतर प्रेक्षकांचे हातपंखे ऐकू येऊ लागले.

आवाज थोडा थोडा वाढत गेला. आणि मग तो प्रसंग घडला ज्यावर मंडळात अजून दोन तट आहेत.

गायकाचा माइक चढवला की शिट्टी बसते. बीनेचं तसं नसतं. स्पीकरचा आवाज फिरून मंचावर येतो, भोपळ्याला आणि तारांना हलवतो, त्या हलण्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये जातो, आणि हळूहळू सगळं वाद्य हात न लावता घुमू लागतं. किंचाळत नाही. खाली, खोल, संथ, एका सुरात घुमतं. तो सूर नेमका षड्जाजवळ लागला. पंडितजींचा हात तारेवरून उठलेला होता, आणि खर्ज भरत चालला होता. ज्येष्ठ सभासदांनी डोळे मिटूनच हात वर केला आणि म्हणाले, "आहाहा! अनाहत!" मागून दोघांनी वाहवा केली. कुणीतरी टाळी सुरू केली. पंडितजींनी एक डोळा उघडून भोपळ्याकडे पाहिलं, मग मिक्सरच्या दिशेने पाहिलं, आणि तळहात अलगद तारांवर ठेवला. नाद थांबला. ज्येष्ठ सभासद नंतर म्हणाले की तो विराम तर कळसच होता.

माझ्या मते पंडितजींचं मोठेपण त्यानंतर दिसलं. त्यांनी वाद्य स्वतःच चार बोटं पुढे, माइककडे सरकवलं आणि साउंडवाल्याला एका बोटाने खूण केली: कमी. त्याने आवाज उतरवला, बीन जवळ आली, दोघांचं जमलं. तेव्हापासून जोडापर्यंत ती जी काही वाजली, ती एरवी त्या डाव्या कानालाच मिळत असेल. चिकारीच्या तारा झगमगून वर उठायच्या आणि खाली खर्ज जागचा हलत नव्हता. समोर निवडणुकीच्या सभेचेच स्पीकर होते, याची कुणालाच शुद्ध नव्हती.

मग पखवाज आला. डाव्या पुडीवर ताजी कणीक थापलेला, माइक नसला तरी अख्खं सभागृह पुरून उरणारा. साउंडवाल्याने शहाणपणाने त्याचा माइक बंदच ठेवला होता. पहिल्या थापेला दिवे हलले. दोन आवर्तनं झाली आणि पखवाजवादकाने साउंडवाल्याकडे पाहून अंगठा वर केला. खूण जगभर एकच आहे: माझा थोडा वाढवा. साउंडवाल्याने गंभीर चेहऱ्याने एका मोकळ्या पट्टीला हात लावून ती वर सरकवली. तिला काहीच जोडलेलं नव्हतं. पखवाजवादकाने मान डोलावली, आता बरोबर. ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. ती प्रत्येक साउंडवाल्याला आपसूक येते.

कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलावर अभिप्राय जमा झाले. मागच्या रांगेतल्यांना आवाज कमी पडला. पुढच्या रांगेतल्यांना फार झाला. मधल्या रांगेतले बोलले नाहीत, कारण त्यांच्यापैकी बरेच जण आलापात झोपले होते, आणि माझ्या मते बीनेला याहून चांगली पावती नाही. खजिनदार बिलावर बोट ठेवून विचारत होते की माइक एकच वापरला तर तीन का लिहिलेत. साउंडवाला म्हणाला, "लावले तर तीनच होते." पंडितजींनी त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याचा नंबर मागून घेतला. हे पाहून खजिनदारांनी वाद आवरता घेतला. मोठ्या माणसांच्या ओळखीतला साउंडवाला पुढच्या वेळी काय दर लावेल, या विचाराने ते गप्प झाले असावेत.

पुढच्या कार्यक्रमाला विचित्रवीणा आहे. तिला पडदेच नसतात. तारांवर काचेचा गोळा फिरवतात. या वेळी मी चिटणिसांना आणि खजिनदारांना एकाच खोलीत बसवून फोन लावला आणि साउंडवाल्याला सगळं नीट समजावून सांगितलं. गोळ्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "तिला भोपळे किती?"

"दोन," मी म्हटलं.

"मग सर, पाहुण्यांचा माइक तुम्ही घरून आणा."